शिंपीकाकांची गुंडी आणि सरांना आलेली ताकीद

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे डॉक्टर सर, समोर बसलेली सगळी प्राणीवेडी मंडळी, आणि मागच्या रांगेत मांडीवर मांजर घेऊन आलेल्या आजी, सर्वांना नमस्कार.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. म्हाताऱ्या कुत्र्यावर उपचार कुठवर करायचे, हे ठरवायचं कुणी? ज्याला औषध कळतं त्यानं, की ज्याला तो कुत्रा कळतो त्यानं? उत्तर मला येत नाही. दोन वर्षांपूर्वी येत होतं, आणि तीच अडचण झाली.

सरांबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मोठा कुत्रा तपासायचा तर सर स्वतः फरशीवर बसत, हे खरंच. पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही, कारण ती कुणाला ठाऊक नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पाहुणे आले की वडील आधी माझं प्रमाणपत्र दाखवतात, मग पाणी विचारतात. अशा मुलीला आपणही चुकतो, हे जरा उशिरा कळतं.

सरांच्या दवाखान्यात मी नवीन डॉक्टर होते. सर बाहेरगावी होते. एक शिंपीकाका त्यांची चौदा वर्षांची कुत्री, गुंडी, घेऊन आले. पोटात गाठ होती. मी म्हटलं, ऑपरेशन. काकांनी खर्च विचारला. मग म्हणाले, "ताई, आणि नाही केलं तर?"

मी म्हणाले, "काका, मग पाळलीत कशाला?"

जनावरं धरणारे आमचे मामा शेजारी होते. हळूच म्हणाले, "ताई, ते वेगळंच विचारताहेत." मी मामांकडे नुसतं बघितलं, ते बाजूला सरले. काकांनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. नवव्या दिवशी गुंडीनं आमच्या पिंजऱ्यात जीव सोडला.

काका म्हणाले, "खर्चाचं मी बघून घेईन हो. पण दुखणं थांबायच्या गोळ्या देऊन ती माझ्या मशीनखाली, चिंध्यांवर गेली असती. असं करता येतं, हे कुणी बोललंच नाही."

करता येत होतं. मला माहीत होतं.

काकांनी आम्हा पशुवैद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेकडे तक्रार केली. कागदावर शिक्का दवाखान्याचा, म्हणून नाव सरांचं. सरांनी उत्तरात दोनच शब्द लिहिले: चूक माझी. छत्तीस वर्षांतली पहिली लेखी ताकीद आली. मला म्हणाले, "तुझी नोंदणी कोरी आहे, तिला डाग नको. माझं काय, पिकलं पान." मी रडले, आणि गप्प बसले. गप्प बसणं फार सोपं गेलं, याची आज लाज वाटते.

अध्यक्ष महोदया, वेळ संपल्याची चिठ्ठी मिळाली, आवरते. बोलू दिलंत, मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी हे नको होतं असं कुणाला वाटलं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

सर, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात. म्हणून विचारलं नाही. काल परिषदेच्या कार्यालयात मी लिहून दिलं, की तो सल्ला माझा होता आणि दुसरा मार्ग सांगितला नाही तो मीच. खाली माझा नोंदणी क्रमांक घातला. आज सकाळी त्याची नक्कल शिंपीकाकांच्या हातात दिली, आणि मग इथे आले.