जुन्या मापाचं पोट

हसू नका, छगनराव. हसाल तर टाचण्या गिळाल, आणि मग तुमच्याही पोटाचं ऑपरेशन करावं लागेल. टाचण्या तोंडात तशाच असू द्या, बोलायची गरज नाही, नुसतं ऐका. मी शुद्धीवर आहे, ऊनबीन काही लागलेलं नाही. पुन्हा सांगतो — मला एक पोट शिवून हवंय. कापसाचं. वर मांजरपाट, मागं दोन बंद, बनियनच्या आत बांधायचं आणि वरून सदरा. त्याचं माप माझ्या अंगावर शोधू नका, ते आता तिथं राहिलेलं नाही. ते तुमच्या वहीत आहे. म्हणून तर राहुरीतले चार शिंपी सोडून पुणतांब्याला आलो, आणि स्टेशनवर उतरून सासुरवाडीला जायच्या ऐवजी आधी तुमच्या दुकानात शिरलो. काढा, शहाण्णव सालचा धोंड्याचा महिना काढा. सापडलं? मोठ्यानं वाचू नका, रस्त्यावर लोक आहेत. कंबर अठ्ठावन्न, पोट एकसष्ट. आणि पुढं शेरा काय — 'टेप पुरला नाही, दोरी लावली.' वा! याला म्हणतात रेकॉर्ड. पंचायत समितीत पस्तीस वर्षं कारकुनी केली, पण इतका खरा शेरा एकदाही लिहायची माझी हिंमत झाली नाही.

डोळ्यांनी काय विचारताय, कुठं गेलं म्हणून? मुंबईला ठेवून आलो. आमचा वैजनाथ — मुलगा हो माझा, डॉक्टरांकडे औषधांची बॅग घेऊन फिरतो तो — त्याला कुठून तरी कळलं, की तिकडं एक डॉक्टर पोट लहान करून देतो. माझी शुगर साडेतीनशे, गुडघे कायमचे संपावर, आणि बसल्या जागी झोप. ती झोप ऑफिसात कुणाच्या लक्षात आली नाही, रिटायर झाल्यावर घरात उघडी पडली. मला वाटलं, वरची चरबी काढत असतील, दुधावरची साय काढतात तशी. तर तसं नाही. आत जेवणाची पिशवी असते ना, तिलाच पिना मारून बारीक करतात. तुम्ही ढगळ पँटला आतून टाके घालता तसं, फक्त पुन्हा उसवायची सोय नाही. मी डॉक्टरला विचारलं, स्टेपलर कुठल्या कंपनीचा? कारण आमच्या ऑफिसातला तीन कागदांच्या पुढं जात नव्हता. डॉक्टर हसला नाही. हसत नाही तो डॉक्टर चांगला, असं वैजनाथ म्हणाला — म्हटलं, ठीक आहे, मारा पिना.

अकरा महिने झाले. एकशे एकेचाळीस किलोचे ब्याऐंशी झालो. म्हणजे एक पूर्ण माणूस कमी झाला, आणि तोही चांगला खात्यापित्या घरचा. आता जेवण म्हणजे अर्धी वाटी. आमटीची वाटी असते ना, ती अर्धी. घास बत्तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि एक घास जास्त झाला की आल्या वाटेनं परत. ताकात कुस्करलेली भाकरी जाते, मऊ वरणभात जातो. कणकेचं चिकट काही असलं की ते दारातच ठिय्या मारून बसतं, ना आत ना बाहेर. पण तक्रार नाही हं! उगीच तोंड पाडू नका. सुख आहे. ऐंशी सालानंतर माझी पावलं मला पहिल्यांदा दिसली. मोजली, बोटं दहाच निघाली. मांडी घालून बसतो, बुटाची नाडी स्वतः बांधतो, आणि एसटीत शेजारी माणूस बसला तर तो अर्धा बाहेर लोंबत नाही. त्रास असला तर तो लोकांचा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो, तर टेबलावरचा पोरगा पेन्शनच्या पुस्तकातला फोटो बघतो, माझ्याकडे बघतो, आणि म्हणतो, ज्यांची पेन्शन आहे त्यांना पाठवा, नातेवाईक चालत नाहीत. मी समोर उभा आणि माझ्या हयातीबद्दल शंका! मी म्हटलं, बाळा, हयात आहे, फक्त थोडीशी आहे. नाही पटलं. दोन माजी सहकारी आणून साक्ष द्यावी लागली. त्यातला एक सूर्यभान. आवक-जावकला होता. तो पुढच्याच आठवड्यात शहाळं घेऊन घरी आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'तुमच्या पुस्तकांच्या कपाटाचं काय ठरवलंय?'

तर असं आहे. आमच्या भागात माणूस बारीक झाला, की लोक त्याला कुठं ना कुठं पोचवूनच देतात. क्षय, नाहीतर कॅन्सर, नाहीतर तो नवा रोग — ज्याचं नाव घेताना बायका पदर तोंडाला लावतात. पोटाला पिना मारून घेतल्या म्हटलं तर वेडा ठरवतात. एवढं सगळं चालेल, पण — पण आमच्या सासूबाई.

झुंबरबाईंना तुम्ही काय माझ्यापेक्षा कमी ओळखता? तुमच्याच गल्लीतल्या. सासरे रंभाजीराव गेले ते तुमच्या डोळ्यांसमोर. एवढा उंचापुरा माणूस. दिवाळीत ताटात अर्धी भाकरी ठेवून उठला, संक्रांतीला पाव खाल्ली, आणि पाडव्याला नव्हता. तेव्हापासून त्यांचा एकच हिशेब — 'ज्यानं पानात टाकलं, त्यो माझ्या हातनं गेला.' सोळा वर्षं झाली, त्यांच्या घरी कुणाची टाप नाही पानात टाकायची. मांजरसुद्धा वाटी चाटून पुसून ठेवतं. आणि आता त्यांच्यासमोर मी जाऊन बसायचं, हे असं, सदरा खुंटीला टांगल्यासारखा, आणि पहिला धोंडा अर्धा खाऊन म्हणायचं — बास? पंचाहत्तरीची बाई, छगनराव. पुढचा धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येणार. मी नाही तिला तीन वर्षांचा घोर लावणार.

म्हणून तर अकरा महिने इकडं फिरकलो नाही. दिवाळीला सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन. संक्रांतीला सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचं. पाडव्याला डोळे संपले, मग दातांवर आलो. राजेश्वरीला — माझ्या बायकोला, तुमच्या मानलेल्या बहिणीला हो — शपथ घातली, की आईला अवाक्षर बोलायचं नाही. दर रविवारी सासूबाई त्या किराणावाल्याकडून फोन करायच्या, आणि पहिला प्रश्न ठरलेला, 'जावईबापू, जेवला का?' मी ताकभाताचे चार चमचे खाऊन बसलेलो, आणि म्हणायचो, जेवलो ना, सात पोळ्या आणि श्रीखंड. 'बरं झालं,' म्हणायच्या. एकदा नऊ पोळ्या सांगितल्या. त्या म्हणाल्या, 'दोन कमी खा, उन्हाळा हाय.' बघा, काय माया! मला अपराधी वाटून त्या दिवशी ताकभातही गेला नाही.

पण अधिक महिन्याला डोळे-दात काय सांगणार? जावयाला धोंडे वाढल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नाही. तेहतीस म्हणजे तेहतीस, लिंबाएवढे नाहीत, पेरूएवढे. आत पुरण, वर तूप. गेल्या खेपेला एकवीस पानावर बसून खाल्ले आणि बारा गाडीत. अतिशयोक्ती नाही, राजेश्वरी साक्षीला आहे. ती कालच पुढं आलीय. आणि आज बारा वाजता पान मांडणार, म्हणजे तुमच्याकडे एक तास आहे. तर पोट झालं, आता दुसरी गोष्ट ऐका. त्या पोटाला वरच्या अंगाला एक तोंड ठेवायचं. खिशासारखं. आतून रेक्झिन लावायचं, नाहीतर तूप पाझरेल. सदऱ्याचं दुसरं बटण उघडं ठेवीन — त्या तूप आणायला वळल्या की एक धोंडा आत, लोणचं आणायला वळल्या की दुसरा. एकवीस मावले पाहिजेत. पोट खरंच भरत जाईल, काय? इतकं सोपं डोक्यात यायला मला अकरा महिने लागले.

मान काय हलवताय? माहितीय, या वयात शोभत नाही. स्पष्ट सांगून टाका, असंच ना? राजेश्वरीही तेच म्हणते. तुम्हाला सगळ्यांना सोपं आहे हो. तुम्हाला आया होत्या. मी पाथर्डीकडचा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. चुलतीनं सांभाळलं — वाईट नव्हती बिचारी, पण तिची स्वतःची सहा, आणि तिकडं पाऊस म्हणजे पाहुणा. अर्धी भाकरी वाट्याला यायची. खाऊन उठायचं, मागायचं नाही. मागितलं नाही म्हणजे पोट भरलं, असा सगळ्यांचा समज, हळूहळू माझाही झाला. त्रेसष्ट साली मुलगी बघायला इथं आलो, पुरणपोळीचं जेवण होतं. दोन पोळ्या खाल्ल्या आणि सवयीनं उठायला लागलो. तर ह्या पोळीचं ताट घेऊन समोर उभ्या, तेव्हा असतील चाळिशीच्या आत, आणि म्हणाल्या, 'पोट भरलं का लाजला?' छगनराव, पोट भरलं का, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला, तो चोविसाव्या वर्षी. अकरा पोळ्या खाल्ल्या त्या दिवशी. मुलगी कशी आहे ते बघायचंच राहिलं, तशीच पसंत केली. ते पोट जे सुटलं ते — लोक म्हणायचे कारकुनाची वरकमाई. वरकमाई कसली, त्या बाईनं बांधलेलं घर होतं ते. आणि ते मी मुंबईला जाऊन पाडून आलो, तिला न विचारता.

जाऊ द्या. कुठल्या कुठं गेलो. कापूस घ्या. अहो, कापूस घ्या म्हणतोय आणि तुम्ही माझी छाती काय मोजताय? ती आहे तेवढीच राहू द्या — या, लंकावहिनी, या! नमस्कार. काही नाही, सहज तुमच्या यजमानांकडे आलो होतो, सदऱ्याचं बटण — तुम्ही सकाळपासून झुंबरबाईंकडेच का? धोंडे करू लागायला? झाले का? आणि आता सदरा न्यायला आलात. कुणाचा सदरा? माझ्या आहेराचा? मी तर माप —

दाखवा बघू.

हा माझा? छगनराव, हा तर — थांबा, घालून बघतो. गळा बरोबर. बाह्या बरोबर. पोटाला... पोटाला चपखल. कापड कधी आलं? पंधरा दिवसांपूर्वी? आणि माप कुणी दिलं? राजेश्वरीनं माझा राहुरीचा सदरा धाडला होता? कुणी मागवला — त्यांनीच? म्हणजे माहितीय त्यांना. कधीपासून, वहिनी? काय म्हणता — ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून? तेव्हा नवस बोलल्या होत्या?

म्हणजे त्या सात पोळ्या... ते श्रीखंड... 'दोन कमी खा, उन्हाळा हाय'!

आणि तुम्ही, मघापासून तोंडात टाचण्या धरून सगळं ऐकताय होय? एखादी तरी थुंकायची होती, मेव्हणे! रेक्झिनपर्यंत जाऊ दिलंत मला!

नाही, नाही, रडत नाही, कापसाची धूळ आहे. वहिनी, मग आज धोंडे केलेच नाहीत का? तेहतीस? तेहतीसच? अहो, पण मला — काय? केवढे? हरभऱ्याएवढे? हरभऱ्याच्याच डाळीचं पुरण, आणि हरभऱ्याएवढा धोंडा, त्यात ते भरलं कसं? काडीनं? मोतीबिंदूचे डोळे त्यांचे, बोटं थरथरतात... आणि एवढ्या कणकेनं काही अडकायचं नाही, असं राजेश्वरीकडून विचारून घेतलंय? पहाटेपासून बसल्यात? मध्ये वाटी ठेवून? एक केला की वाटीत टाकून बघायचा, मोठा झाला की मोडायचा. तेहतीस बरोबर अर्ध्या वाटीत बसले, तेव्हा उठल्या.

शास्त्रात आकडा दिलाय, माप दिलेलं नाही. पस्तीस वर्षं शासनाचे नियम वाचले मी, छगनराव, आणि ही पळवाट सापडली कुणाला — अंगठा उठवणाऱ्या बाईला.

तो कापूस ठेवा परत. वहीतलं जुनं माप खोडू नका, राहू द्या, मेहनतीनं कमावलेलं आहे. खाली आजचं लिहा. आणि वहिनी, मला कळलंय हे त्यांना सांगायचं नाही. मी आता जाऊन म्हणणार, सासूबाई, सकाळीच नऊ पोळ्या खाऊन आलोय, तरी तुमचे तेहतीस सोडणार नाही. बघू 'बरं झालं' म्हणताना हसतात का.

नाही, चहा नको. जागा नाही. चहाला आज पोटात टाचणीएवढीही जागा नाही. बारा वाजायला आले, सरका, जाऊ द्या मला. तेहतीस धोंडे, प्रत्येक बत्तीस वेळा चावायचा. गावात सांगून ठेवा, दिवेलागणीपर्यंत जावई पानावरून उठत नाही म्हणून.