शेवटची-खरी यादी

काकू : चहा निवतोय. आधी पी, मग वाच.

मुंगी : एवढं एक पान होऊ द्या काकू. उद्या दहाला साठ नवे इंटर्न माझ्यासमोर बसणार आहेत. सर, ऐका. "अठरा वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच इंटर्न होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. जिन्याखालच्या खोलीत मला एक डुगडुगणारी खुर्ची मिळाली, आणि असा कॉम्प्युटर, की सुरू होईपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन यावं."

सर : खुर्ची ठीक होती. तूच डुगडुगत होतीस.

काकू : वाचू द्या हो तिला.

मुंगी : मग तुम्ही येता. "माझे सर जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे. मोठे साहेब उतरायला लागले की त्यांचा पत्त्यांचा डाव पडद्यावरून गायब व्हायचा."

सर : ते खोड.

मुंगी : नाही खोडणार. तुम्ही मला मुंगी म्हणायला लागलात तेही घातलंय. प्रोग्रामची एक ओळ लिहायची, चालवून बघायची, मगच दुसरी.

सर : दिवसाला अकरा ओळी. बाकीची पोरं दोनशे लिहायची, आणि त्यातल्या दीडशे मी निस्तरत बसायचो. तुझ्या अकरांना कधी हात लावावा लागला नाही. काय दिवस होते गं ते. जिना उतरताना डोकं आपटायचं रोज, तरी सकाळी कधी एकदा जातोय असं व्हायचं.

काकू : घरी यायची मात्र कधी घाई नसायची.

मुंगी : आता मुख्य भाग. दातांच्या दवाखान्यांचं काम. "उद्या तुमची वेळ आहे" असा निरोप पेशंटच्या मोबाईलवर आपोआप जायला हवा होता. सरांनी सांगितलं, आधी आपल्याच पाच जणांना काहीतरी पाठवून बघ. मी रोज आईला जे पाठवायचे तेच लिहिलं. "जेवलीस का? मी बरी आहे."

सर : आणि ते गेलं तीन हजार दोनशे लोकांना.

काकू : ती उत्तरं सांग ना. मला ती फार आवडतात.

मुंगी : "डॉक्टरांनी दोन तास काही खाऊ नका म्हटलंय." "जेवलो बाई, पण तू कोण?" एकाने तर भलामोठा निरोप लिहिला, की बायको माहेरी गेल्यापासून असं कोणी विचारलंच नव्हतं.

सर : आणि ती एक बाई. "बोलायला लागलीस, बरं वाटलं." अबोला धरलेल्या मुलीचा निरोप समजून.

मुंगी : हो. तुम्ही दोघं हसताय, सगळेच हसतात. मला मात्र अजून हसू येत नाही. असो. "तुमच्यासारखीच मी घाबरले होते. सर सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी काचेबाहेर उभी होते. ते म्हणाले, चूक माझी आहे. एका इंटर्नची चूक त्यांनी अंगावर घेतली. आज मी जी आहे ती..."

सर : ते वाक्य काढ.

मुंगी : झालं यांचं सुरू. स्तुती सहन होत नाही.

सर : स्तुतीचं नाही. काढ ते.

काकू : अहो, सांगून टाका एकदाचं. अठरा वर्षं मीच ऐकतेय.

मुंगी : काय सांगून टाका?

सर : माझ्या नंबरांच्या याद्यांची नावं आठवतात तुला?

मुंगी : न आठवायला काय झालं. "नवी", "नवी-नवी", "शेवटची", "शेवटची-खरी". मला "शेवटची" उघडायची होती, मी "शेवटची-खरी" उघडली. घाईत.

सर : तू बरोबर "शेवटची"च उघडलीस. तिच्यात आपले पाच नंबर असायला हवे होते. त्या सकाळी काहीतरी तपासायला मी तिच्यात सगळे पेशंट ओतले, आणि परत काढायला विसरलो.

मुंगी : नाही सर. मी नंतर बघितलं होतं. "शेवटची"त पाचच नंबर होते.

सर : आणखी निरोप जाऊ नयेत म्हणून मी आधी त्या यादीतले पेशंट काढले. मग तू बघितलंस.

मुंगी : म्हणजे तुम्ही साहेबांना...

सर : साहेबांना मी खरं तेच सांगितलं. बाहेर आलो तर तू रडत उभी. म्हणालीस, "सर, माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत." आणि मी गप्प बसलो. माझ्याकडे तसं कधी कोणी बघितलंच नव्हतं गं.

काकू : आभारी आहे.

सर : तुझं वेगळं. उद्या सांगू, परवा सांगू करत तिचे इंटर्नशिपचे सहा महिने संपले. मग फोनवर कसं सांगायचं म्हणून राहिलं. माझी लाज झाकायला, मुंगी, तुझी चूक बरी पडली, एवढंच आहे ते.

(मुंगी कागदाची घडी घालते, पुन्हा उघडते.)

मुंगी : त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन बॅग भरली होती. आईला म्हटलं, मला हे काम जमणार नाही, मी घरी येते. ती म्हणाली, एवढा चांगला माणूस पाठीशी असताना पळून येतेस? म्हणून राहिले. अजूनही कुठलंही बटण दाबण्याआधी मी तीनदा बघते. ऑफिसात माझी नक्कल करतात.

सर : माहितेय.

मुंगी : मला तुमचा राग आलाय, सर. खूप आलाय.

सर : यायलाच हवा. म्हणून तर आज बोललो. उद्या साठ पोरांपुढे तू ते वाचणार आणि मी पहिल्या रांगेत मान डोलावत बसणार, ते मला झेपलं नसतं. मी येत नाही उद्या.

मुंगी : असं कसं? गाडी साडेनऊला येईल. काकू, त्यांना तयार ठेवा.

काकू : ठेवते. आणि एवढा राग आलाय तर त्यांचा चहा ओतून देऊ का आता?

मुंगी : पण सर, पहिल्या रांगेत बसायचं नाही. वर माझ्या शेजारी यायचं. हा भाग मी वाचणार नाही, तुम्ही सांगायचा. याद्यांच्या नावांसकट.

सर : पोरं हसतील गं.

मुंगी : हसू देत. अठरा वर्षं सगळे हसले, मीच तेवढी हसायची राहिलेय.