कुडाआडून ऐकलेली गोष्ट

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याले आमचा पाडा. आम्ही भिल. बाप लोकांच्या केळीत राबला, मी बी राबले, शाळेचं तोंड बठ्ठ्या, म्हणजे साऱ्या घरात कोणी पाहिलं नही. नाव माझं रुमा, पण पाड्यावर येऊन पेटीवाली कुठं ऱ्हाते विचारा, कोणीबी दाखवील. हसू नका भाऊ, आधी हे नाव लोक थुंकून घ्यायचे.

पेटी म्हणजे टेप, दुसरं काय. धुळ्याहून मिशनच्या रूथबाई यायच्या, त्यांनी दिली. माझी पोरगी तापानं गेली ना, तेव्हा ही बाई माझ्याजवळ दिवसभर बसून राह्यली, एक शब्द बोलली नही, नुसता माझा हात धरला. म्हणून मी तिचं ऐकायले लागले. मग पाणी घेतलं, येशूची झाले. नवऱ्याले सांगून घेतलं बरं, चोरून नही. तो म्हणे, तुले बरं वाटत असंल तर घे, मी काही येणार नही.

तर ती पेटी. आधीच्या कॅसेटी पुस्तकी मराठीत व्हत्या, बाया बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या. मग रूथबाईनं आमच्या भिली बोलीतल्या आणल्या, आणि काय सांगू तुम्हाले, बठ्ठ्या बाया ताठ बसल्या. एक म्हातारी म्हणे, हा देव तर आपल्यासारखा बोलस वं, कचेरीतल्या साहेबासारखा नही बोलत! वाचता तर कोणालेच येत नव्हतं. म्हणून एक गोष्ट ऐकायची, पेटी बंद करायची, मग एकेकीनं ती तोंडानं सांगायची, चुकली की बाकीच्या ओरडणार, आणि बठ्ठ्यांले पाठ झाल्याशिवाय पुढची लावायची नही. कॅसेट मागं न्यायची तर पेन्सिल घालून हातानं फिरवायची, सेल वाचावेत म्हणून. सेल थकले की उन्हात ठेवायचे, थोडे परत चालतात. अशी पेटी डोक्यावर घेऊन मी या पाड्यावरून त्या पाड्यावर फिरायची.

माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यांले हे खपलं नही. पाड्यात त्यांचा शब्द चालतो. एक दिवस दारात उभे राहून म्हणे, ही पेटी या घरात वाजली तर आपली भावकी तुटली, उद्या कोणी मेलं तर खांदा द्यायले बी येणार नही. आमच्यात याच्याहून मोठी शिक्षा नही भाऊ. मेलेलं माणूस घरात आणि दारात कोणी नही, इचार करा. नवरा, दित्या त्याचं नाव, खाली मान घालून म्हणे, पेटी भायेर काढ.

काढली. घराले लागून बकऱ्यांचं छप्पर शे, मधी नुसता कुड, काड्यांचा, शेणानं लिपलेला. मी संध्याकाळची तिथं बकऱ्यांत बसून पेटी लावायची, बाया बी तिथंच यायच्या. दित्या कुडाच्या पलीकडं बिडी ओढत बसायचा. माले वाटे हा रागानं बसला शे, कधी उठून पेटी फोडील सांगता येत नही. मी आवाज बारीक ठेवायची.

तेव्हा नवीन गोष्ट लागली व्हती. बापाकडून आपला हिस्सा मागून एक पोऱ्या परदेशी निघून जातो, बठ्ठं उडवतो, शेवटी डुकरं राखतो, अन्नाले महाग होतो. नेमकं इथं सेल संपले. नदीले पूर, रूथबाई येईनात, ऊन नही तर सेल तापवू कुठं! पेटी गप. असे बरेच दिवस गेले. आणि एक दिवस दित्या जेवताना, भाकर मोडता मोडता, वर न बघता म्हणे, मंग तो पोऱ्या घर गया का नही?

अगंबाई! माझा घास हातातच राह्यला. म्हटलं, माले काय माहीत, तुम्हीच आणा सेल. पूर उतरल्यावर फैजपूरकडं केळी भरायले गेला तो येताना धोतराच्या सोग्यात सेल बांधून आला, आणि गुपचूप पेटीजवळ ठेवले. केळीचा चीक माहीत शे ना तुम्हाले? हातावर काळा पडतो, कशानं निघत नही. त्याच्यानंतर मी पाहिलं, पेटीच्या बटणावर काळी बोटं उमटलेली. मी कामाले गेले की हा एकटा लावायचा. मी बोलले नही त्याले. लाजला असता, परत हात लावला नसता.

मग छातीचा आजार लागला. चोपड्याच्या दवाखान्यात नेलं, औषध झालं, पण माणूस वाळत गेला. शेवटच्या दिवशी दुपारी माले म्हणे, ती लाव. घरात? म्हटलं. तो म्हणे, घरातच लाव. जेठ दारात बसलेले, त्यांनी ऐकलं. मी लावली. तो पोऱ्या घराकडं निघाला, आणि पेटीचा आवाज जड झाला, लांबला, बंद पडला. सेल गेले. दित्या माझ्याकडं बघत राह्यला. मग मीच सांगितलं भाऊ, माझ्या तोंडानं. बापानं त्याले लांबूनच वळखलं, पळत गेला, गळ्यात पडला, शिव्या नही दिल्या, काही विचारलं नही. एवढं सांगितलं, आणि दित्यानं डोळे मिटले. मी रडत रडतच गोष्ट पुरी केली. अर्धी कशी सोडणार?

जेठ उठले. म्हणे, तो तुमना व्हता का आमना? त्यानं पाणी घेतलं नव्हतं, मी खोटं कशी बोलू. म्हटलं, भाऊ तुमचा शे, तुमच्या रीतीनं न्या, मी आडवी येत नही. फक्त त्याले एकटा नेऊ नका. पहिला खांदा जेठांनीच दिला, आणि बठ्ठा पाडा मागं गेला.

माझं काय, चाललं शे. देवाची दया म्हणायची. बटणावरचे ते डाग मी पुसले नही, कोणाले पुसू देत नही. तो माझ्या देवाकडं गेला का त्याच्या पूर्वजांकडं, रूथबाईले विचारलं तर तिनं नुसता माझा हात धरला. मी म्हणते, गेला असंल तर घरीच गेला असंल.

आणि एक सांगते. संध्याकाळी मी पेटी लावते ना, तेव्हा कुडाच्या पलीकडून आताबी बिडीचा वास येतो. जेठ बसलेले असतात. मी नुसता आवाज मोठा करते. त्यांले आता कमी ऐकू येतं.