खोकं आधी, माल नंतर

...आणि वर बाबा मलाच विचारतात, ‘तू तिथे होतास ना, मग सांग की त्या पोरांना काय लागतं!’ तिथे होतास! तुरुंगातून सुटून आलेल्याला विचारावं तसं! तुम्हाला सांगतो, आमच्या घरी नाताळाची भेट निवडायची म्हणजे भेट नसते ती, टेंडर असतं टेंडर! बाबांचा नियम एकच, वस्तू कशी, उपयोगी पाहिजे!

भेट द्यायचीय धाकट्या बहिणीला. ती पीएचडी करते. मीही करत होतो, सहा महिन्यांपूर्वी सोडली, तिसऱ्या वर्षात. का सोडली? बघा, तुम्ही लगेच विचारलंत! बाबांनी नाही विचारलं. आजतागायत नाही. आईनं तेवढं विचारलं, ‘हॉस्टेलवरची गादी आणलीस का परत?’

तर मी म्हटलं, बाबा, तिला चांगली उशी द्या, बसून बसून मान धरते. ‘झोपायला गेलीय का ती?’ बरं, पाणी तापवायची किटली द्या. ‘चहा पिऊन कुणी डॉक्टर झालंय?’ मग हेडफोन द्या, तिच्या खोलीतली दुसरी मुलगी दिवसभर फोनवर भांडत असते. ‘तर हिनं भांडण ऐकू नये, अभ्यास करावा!’ वस्तू कशी, उपयोगी पाहिजे!

आणि यांची उपयोगी वस्तू कोणती, माहितीये? कव्हर! प्रबंधाचं! काळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘डॉ.’ आणि पुढे नाव. आत काही नाही. एक पान नाही हो! जन्मभर कारखान्यात पॅकिंग खातं सांभाळलेला माणूस, तिथे आधी खोकी यायची, मग माल. पोरांचंही तसंच! गेल्या नाताळाला मला दिलं होतं तसलं कव्हर, तीनशे पानांच्या मापाचं. मी म्हटलं, बाबा, माझी अजून चाळीसच झालीत. तर म्हणे, ‘मग भर की! जागा करून दिलीय ना?’ ते मी टेबलावर ठेवायचो. रोज सकाळी माझ्याकडे आ वासून बघायचं ते... जाऊ दे.

परवा मला घेऊन निघाले बाइंडरकडे. एवढंसं दुकान, खळीचा वास, पायात कागदाच्या पट्ट्या. आणि पिशवीतून काय काढलं? माझंच कव्हर! ‘हे नाव खरवडता येईल का हो? मुलीचं घालायचंय. आडनाव तेच, “डॉ.”ही तेच, मधलं तेवढं बदला.’ आणि मी शेजारी उभा! जिवंत!

बाइंडरनं कव्हर उजेडाकडे धरलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला. ‘साहेब, हे दाबून उमटवलेलं असतं. सोनं निघेल, खड्डा राहील.’

‘मग?’

‘वरून पट्टी चिकटवतो. नाव खाली राहील, दिसणार नाही. कोणाचं आहे हे?’

बाबा म्हणाले, ‘ते... ते आता लागत नाही.’

लागत नाही! तुम्हाला सांगतो, सहा महिने मी वाट बघत होतो, की हे ओरडतील, कानाखाली वाजवतील, निदान ‘का रे बाबा?’ तरी म्हणतील. उत्तर पाठ करून ठेवलं होतं मी! गाईडनं वर्षभर माझी पानं उघडूनसुद्धा बघितली नाहीत, शेवटी शेवटी मला सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं... सगळं, ओळीनं. आणि हा माणूस पट्टीचा रंग निवडतोय! काळ्यावर काळी की गडद निळी? तेही मलाच विचारून! मी म्हटलं, काळी घ्या, निळी वेगळी दिसेल. वस्तू कशी, उपयोगी पाहिजे!

परत येताना सिग्नलला थांबलो, तर बाबा एकदम म्हणतात, ‘तुला एक विचारू?’

मी मनात म्हटलं, आलं! शेवटी आलं! घसा साफ केला, पहिलं वाक्य जिभेवर आणून ठेवलं. ‘विचारा ना, बाबा.’

‘तुला नाताळाला मोजे दिले तर चालतील?’

‘चालतील.’

‘नंबर किती?’

आता काय करणार हो? सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याबद्दल काहीतरी विचारलं होतं त्यांनी. सांगितला. नऊ.