सुमनचं स्वतःचं नाव
दिघाशीच्या सुमनचं तुम्हाला कधी सांगितलंय का? मी तेव्हा विद्यापीठात विशेष शिक्षणाचं बी.एड. करत होते. सुमनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून सरावासाठी तिच्या घरी गेले. आईने आधी एवढंच विचारलं, “बाई, हिला हिचं नाव तरी ठावं हाय का?”

मलाही उत्सुकता वाटली. मी आईकडे बोट दाखवलं, तर सुमनने नाकातल्या चमकीची खूण केली. बापाकडे दाखवलं, तर मिशी पिळल्याची खूण केली. मग तिच्याकडेच दाखवलं. तिने जरा विचार केला आणि जमिनीवर धपकन पाय आपटला.

मला काही कळेना. आईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

“हिला बोलवायला मी असाच पाय आपटते,” ती म्हणाली. “जमीन हादरली का वळते. म्हंजे तेच नाव समजली की वो माझी पोर!”