टेबलावरची जागा

– कॉलेज सोडायचा अर्ज लिहून झालाय, बाबा. सोमवारी देते. तुम्ही फक्त इथे सही करा.

– चष्मा विसरलो.

– खिशात आहे तुमच्या.

– असू दे. आधी बसू तर दे. वसतिगृहाची खोली आहे की रद्दीचं दुकान?

– आठवड्याभराच्या नोट्स आहेत नुसत्या. पान उलटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. हे जनावरांचं डॉक्टर होणं माझ्याच्यानं नाही होणार.

– शुक्रवारी फेरपरीक्षा आहे म्हणालीस.

– तीच ती. पिशवीत हात घालायचा, न बघता हाड ओळखायचं. कुठल्या जनावराचं, डावं की उजवं. सुट्टीत घरी सराव करायचे तेव्हा ओळखता यायचं मला. आई पिशवी धरायची, चुकलं की हातावर चापट मारायची.

– गच्चीत.

– गच्चीतच. तुम्हाला घरात हाडं नको होती ना.

– जेवायच्या टेबलावर म्हशीचा खुबा मांडला होतास तू!

– आई म्हणायची, ह्यांना कोंबडीची बरी चालतात.

– असं म्हणायची?

– रोज.

– वर वारा फार असायचा.

– बाबा, वाऱ्याने नाही गेली ती. हृदय बंद पडलं.

– ते माहीत आहे गं. ते नाही म्हणत मी. दीड महिना तुम्ही दोघी वर खिदळत होतात आणि मी खाली टीव्ही लावून बसायचो. आवाज मोठा करून. तुम्हा दोघींचा शेवटचा दीड महिना तो. टेबलावर जागा दिली असती, तर मीही असतो तिथे.

– तुम्हाला काय माहीत होतं...

– हे घे. तिच्या शिवणाच्या डब्यात मिळालं.

– घोट्याचं हाड! शेळीचं! बाबा, अख्खं वसतिगृह पालथं घातलं मी ह्याच्यासाठी. कुत्र्याने पळवलं म्हणून वॉर्डनशी भांडले.

– तिने ठेवून घेतलं असणार. तू इथे परत आल्यावरही ती भाजी चिरता चिरता मध्येच हात पुसायची, डोळे मिटून काहीतरी चाचपायची. मला वाटायचं, दोऱ्याचं रीळ आहे.

– ह्याचंच डावं-उजवं चुकायचं माझं. तिला आलं होतं का ओळखायला?

– मी कधी विचारलंच नाही.



– बाबा, सही...

– शुक्रवारनंतर. तेव्हाही नको वाटलं तर करतो, अडवणार नाही. ती पिशवी कुठे आहे?

– तुम्ही हात लावणार हाडांना?

– धरायचीच आहे ना नुसती? हं, दे ते हाड. टाकलं. मीट डोळे.

– शेळीचं. घोट्याचं.

– ते आत्ताच सांगितलंस. डावं की उजवं?

– डावं... बहुतेक. बरोबर आहे?

– मला कुठे येतंय? पुस्तक काढ, दोघं बघू.

– थांबा, बाकीची हाडं खाली कागदावर ओतते.

– खाली नको. टेबलावर मांड.