नियम, उद्या सातपर्यंत

...आणि मी कोण हो नियम देणारी? माझी दीड वर्षाची पोर माझं ऐकत नाही!

तुम्हाला सांगते, सांगलीत एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात मी समुपदेशक. बिडी कशी सोडवायची याचं साताऱ्याला दोन दिवस प्रशिक्षण झालं, ते सगळं मी बाळगोंडा काकांवर (नाव बदललंय, स्वभाव तोच) वापरून पाहिलं. डॉक्टरांनी बजावलेलं, "गोळ्यांनी एचआयव्ही आटोक्यात आहे, आता बिडीच तुम्हाला नेणार." मी म्हणायचे, तलफ आली की पाणी प्या, दहा मिनिटं थांबा. काका पुढच्या खेपेला सांगायचे, "थांबलो की. पाणीबी पिलो. मग वडली."

शेवटी वैतागून म्हटलं, "काका, एक नियम करू या. उद्या संध्याकाळी सातपर्यंत बिडी नाही." आपण म्हणतो तसं हो, शाळेत असतो तसा नियम... तर हा माणूस उठला, चपला काढल्या, हात जोडले. "द्या."

"काय?"

"नियम."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काका जैन. त्यांच्यात मुनिमहाराजांपुढं नियम घेतात, इतके दिवस बटाटा नाही, इतके दिवस गोड नाही, आणि घेतला की मोडत नाहीत. मी म्हटलं, अहो मग महाराजांकडूनच घ्या की, मी कोण नियम देणारी? तर खाली बघत म्हणतात, "म्हाराजांपुढं बिडीचं नाव कसं काढू? त्यास्नी वाटतंय, मी लय सज्जन हाय."

दिला. घाबरत दिला. दुसऱ्या दिवशी सातला फोन. "मॅडम, नियम सपला. वाढवा." वाढवला. मग रोजच... कडेवर पोर, कुकरच्या शिट्ट्या, सासूबाई विचारतायत, "कोण गं हा रोज सातला?" आणि मी, "काका, उद्या सातपर्यंत हं." एकदम जन्माचाच घ्या म्हटलं, तर म्हणे, "जन्माचा लय लांब दिसतोय. उद्याचा दिसतोय जवळ." असे एक्केचाळीस दिवस.

बेचाळिसाव्या दिवशी पोरीला ताप. दवाखाना, रांग, फोन पर्समध्ये मुका. सव्वाआठला बघते तर सात मिस्ड कॉल, आणि मग काहीच नाही. नियम संपलेला, माणूस मोकळा, घरासमोर पानपट्टी... मी कोण नियम देणारी, जिला फोन उचलता येत नाही? लगेच लावला. "काका, ओढली?"

"न्हाई."

"मग नियम?"

"तुमी उचलंना. मग आमच्या मंडळीला, राजमतीला म्हटलं, साक्षीला बस म्होरं. मीच तुमच्यावानी बारीक आवाज काढला, 'काका, उद्या सातपर्यंत हं.' माझा मीच दिला, माझा मीच घेतला." मागं काकी खिदळत होत्या. "पोरगी बरी हाय न्हवं?"

दवाखान्याच्या बाकावर मी रडत हसले, कंपाउंडर बघत राहिला, बघू दे.

आज आठ महिने. एक बिडी नाही. गेल्या आठवड्यात नवा आला, बिराप्पा, ट्रकवर असतो, दिवसाला दोन बंडल. मी ऐटीत म्हटलं, "हात जोडा, मी नियम देते."

तो जागचा हलला नाही. "तुमी ऱ्हाऊ द्या, मॅडम. भाईर ते काका बसल्यात, त्यांनी दिल्याला टिकतुय म्हनं."